तगादा आणि दावा : कर्जवसुलीच्या अधिकाराचा महाराष्ट्रातील इतिहास

कर्ज फिटले नाही म्हणजे धनकोने न्यायालयात दावा लावावा, ही गोष्ट आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही काही इतिहास असेल अशी शंकाच मनाला शिवत नाही. ऋण आहे तेथे दाव्याचा अधिकार आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न आहेत. पैसे येणे असणे ही एक बाब आणि ते येणे राजसत्तेच्या साहाय्याने वसूल करून घेण्याची मुभा असणे ही दुसरी. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या दोहोंची सांगड गेल्या दोनशे वर्षांतच पक्की झाली. आणि ती पक्की होते न होते तोच 'दावा लावणारा तू कोण?' हा प्रश्न विचारून तिच्यावर एकामागून एक बंधने घालण्यात आली.

प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेताना कायद्याच्या कलमांबरोबरच देवघेवीच्या व्यवहारातील मराठी शब्दांचीही साक्ष काढली आहे. कायदा एका तारखेस बदलतो. शब्द मात्र जुन्या व्यवहाराचे अवशेष दीर्घकाळ जपून ठेवतात. तगादा, धरणे, फिर्याद, दावा, धनको, कूळ हे शब्द आपण नित्य वापरतो, पण कोणी कोणाच्या दारात जायचे याविषयीची एकेक समजूत त्यांतील प्रत्येकात दडलेली आहे. कर्जवसुलीच्या इतिहासाचा गाभा माझ्या मते याच प्रश्नात आहे. फिर्याद करण्याचा अधिकार हा एका अंगाने अधिकार असला तरी दुसऱ्या अंगाने तो भार असतो. ज्याला आपले येणे स्वतःच्या बळावर वसूल करता येते त्याला फिर्यादीची गरज नसते. तेथे फिर्याद करण्याची पाळी ऋणकोवर येते. हा भार केव्हा कोणावर होता, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. शास्त्रातील धनको

धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची, म्हणजे राजदरबारी येणाऱ्या विवादांची, जी अठरा पदे सांगितली त्यांत मनूने पहिले स्थान ऋणादानाला दिले आहे. परंतु याचा अर्थ प्रत्येक थकलेले कर्ज राजासमोर यावे असा त्यास अभिप्रेत नव्हता. येणे वसूल करण्याचे पाच उपाय मनू सांगतो : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. न्यायसभेत जाणे, म्हणजे व्यवहार, हा या पाचांपैकी केवळ एक उपाय होय. उरलेले चार धनकोने स्वतःच योजावयाचे आहेत. 'आचरित' या उपायाचा अर्थ सांगताना टीकाकारांनी जे बृहस्पतिवचन उद्धृत केले आहे त्यात ऋणकोच्या दारात बसून राहण्याचा, द्वारोपवेशनाचा, स्पष्ट उल्लेख आहे. पुढे 'धरणे' या नावाने जो प्रकार प्रसिद्ध झाला त्याचे शास्त्रीय कुळ ते हेच.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा असा की, अशा रीतीने स्वतः वसुली करणाऱ्या धनकोस राजाने दोष देऊ नये, असे मनू व याज्ञवल्क्य दोघेही सांगतात. इतकेच नव्हे, तर धनको वसुली करीत असता जो ऋणको त्याच्याविरुद्ध राजाकडे गाऱ्हाणे नेईल त्याच्याकडून कर्ज तर वसूल करावेच, शिवाय कर्जाच्या एक चतुर्थांशाइतका दंड घ्यावा, असे मनूचे विधान आहे. या व्यवस्थेत राजाच्या दारात जाणारा मनुष्य प्रायः ऋणको आहे, आणि त्याचे तेथे जाणे शंकास्पद मानले आहे.

अर्थात ही मोकळीक निरंकुश नव्हती. ती ऋण मान्य असेल तेथेच होती. ऋणकोने कर्ज नाकारले, किंवा 'न्यायसभा जे ठरवील ते देईन' असे म्हटले, तर त्याला पीडा देणाऱ्या धनकोचे येणे बुडावे व तितकाच दंडही त्याच्यावर बसावा, असे कात्यायन सांगतो. म्हणजे ऋणाचे अस्तित्व वादग्रस्त झाले की दाव्याची गरज उत्पन्न होत असे. केवळ ते थकले म्हणून नव्हे. व्याज मुद्दलाइतके झाले की पुढे वाढू नये, हा दामदुपटीचा नियमही याच चौकटीतला आहे. धनकोच्या हाती इतकी सत्ता दिल्यावर तिला मर्यादा घालणे क्रमप्राप्तच होते.

या व्यवस्थेत दर्जाचा भेदही उघडपणे मान्य केलेला होता. राजा, स्वामी किंवा ब्राह्मण यांच्याकडील येणे केवळ सामोपचाराने मागावे, अन्य लोकांस रूढीने भाग पाडावे, दुष्टांवर बळ चालवावे, असा क्रम कात्यायनाने लावला आहे. समान वा हीन जातीच्या ऋणकोने श्रम करून कर्ज फेडावे, असे मनू सांगतो. थोडक्यात, कर्ज एकच असले तरी ते मागण्याची रीत मागणारा कोण व देणारा कोण यावर ठरत असे.

२. मराठी राज्यातील तगादा

हे केवळ ग्रंथातील विवेचन होते असे कोणी म्हणेल. परंतु पेशवाईच्या अखेरीस दक्षिणेत प्रत्यक्ष जे चालू होते त्याचे वर्णन या ग्रंथवचनांशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. १८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेल्यावर दक्षिणेचा कमिशनर म्हणून नेमलेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी सविस्तर अहवाल सादर केला. त्यात तगाद्याचे जे वर्णन आहे त्याचा आशय असा : ऋणको बरोबरीचा किंवा कमी दर्जाचा असेल तर धनको त्याला घरात अडकवून ठेवी, खाऊ देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी, तो वरच्या दर्जाचा असेल तर धनको त्याच्या उंबऱ्यावर पडून राही, वाटेत आडवा येई, दाराशी ओरडा करी, स्वतः उपोषण करून त्यालाही उपाशी राहावयास लावी, किंवा देवाची शपथ घालून शाप उच्चारी. बल आणि आचरित हे मनूचे दोन उपाय येथे जसेच्या तसे दिसतात, आणि कात्यायनाचा दर्जाभेदही.

'तगादा' हा शब्द फारसीतून आलेल्या अरबी 'तकाजा' या शब्दाचे मराठी रूप होय. कर्ज, हजर, मर्जी या शब्दांत ज्या मूळ अरबी व्यंजनाचा आपल्याकडे 'ज' झाला त्याचाच येथे 'द' झालेला आहे. एल्फिन्स्टनच्या अहवालात 'ज' असलेले रूप येते, तर बोलीत 'द' असलेले रूढ झाले. दप्तरापेक्षा दारोदारच्या व्यवहारात हा शब्द अधिक वावरल्याची ही खूण असावी. 'धरणे' हा तर शुद्ध देशी शब्द. धरणे धरणारा मनुष्य ऋणकोला हात लावीत नाही. तो त्याची अब्रू धरून ठेवतो. देवळात देवापुढे धरणे धरतात तेही याच अर्थाने. दोन्ही ठिकाणी धरणेकऱ्याचे साधन आपल्या देहाचे क्लेश हेच असते.

तगाद्याने काम भागले नाही किंवा कर्जच नाकारले गेले, तर प्रकरण पंचायतीकडे जाई. तेथील कागदांत वादीस 'अग्रवादी' व प्रतिवादीस 'पश्चिमवादी' म्हटलेले आढळते. प्रथम बोलणारा तो अग्रवादी. त्याच्या मागून बोलणारा तो पश्चिमवादी. या शब्दांत अधिकाराची कल्पना नसून केवळ क्रमाची आहे. दोघांनी पंचांचा निर्णय मानण्याविषयी लेखी कबुली द्यावयाची, जामीन द्यावयाचा, आपापल्या तकरिरा लिहून द्यावयाच्या, आणि मग निवाडापत्र व्हावयाचे. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावी व हरणाऱ्याने गुन्हेगारी. पैशाच्या वादात तर वसूल रकमेचा मोठा वाटा, बहुधा चौथाई, सरकार घेत असे. सरकारच्या मदतीने येणे वसूल करणे हा धनकोला परवडणारा पहिला मार्ग नव्हता, हे यावरून उघड होते. मनूने ऋणकोवर बसवलेला चौथा हिस्सा येथे धनकोच्या वाट्यातून जातो, हे साम्य योगायोगाचे असले तरी लक्षणीय आहे.

कर्जरोख्यांची भाषाही पाहण्यासारखी आहे. जुन्या खतांचा आरंभ 'धनको नाम' अमुक, 'रिणको नाम' अमुक असा होतो. प्रथम धनको, मग ऋणको. लेख्यात धनिकाचे नाव आधी यावे, हा याज्ञवल्क्याचा दंडक होय. तो शतकानुशतके पाळला गेला. खताने प्रथम सांगावयाचे ते हे की, हे येणे कोणाचे आहे. रक्कम, व्याज, मुदत हे सर्व त्यामागून येते. मात्र तो धनको कोण आहे हे खत पाहून कळावयाचे नव्हते, कारण गावाला ते ठाऊकच होते. धनको व ऋणको एकमेकांच्या तोंडओळखीचे होते. सावकाराला गावात राहावयाचे होते आणि पाटलाच्या व पंचांच्या मर्जीची त्याला गरज होती. ऋणकोला 'कूळ' म्हणण्याची रीतही या संबंधाची द्योतक आहे. कूळ हे एका माणसाचे नाव नव्हे. ते घराण्याचे नाव आहे. कर्ज बापाचे असले तरी संबंध पिढ्यांचा होता.

३. न्यायालयाचा उघडा दरवाजा

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना मुंबई इलाख्याचे जे विनियम झाले त्यांनी या व्यवस्थेला नवे वळण दिले. दिवाणी न्यायालये, त्यांची कार्यपद्धती, दाव्यांच्या मुदती, लवाद, वारस हे सर्व विषय त्या वर्षीच्या विनियमांत हाताळले गेले. चौथ्या विनियमात न्यायालयाने कोणता कायदा लावावा याचा क्रम सांगितला आहे : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारचे विनियम; ते नसतील तर देशरिवाज; तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा; आणि अखेरीस न्याय, समता व सद्बुद्धी. प्रतिवादीच्या कायद्यास दिलेले हे स्थान अर्थपूर्ण आहे. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने मूळ ऋणको हिंदू असेल तर दामदुपटीचा नियम लागू होतो, मग धनको कोणीही असो, असे जे ठरविले, ते याच दृष्टीशी सुसंगत होते.

परंतु व्यवहारात जे घडले ते या दृष्टीच्या विपरीत होते. पंचायत ऐच्छिक झाली व हळूहळू मागे पडली. तगाद्याची उग्र रूपे बेकायदा ठरली. बनारसकडील धरण्यांना बंगाल सरकारने १७९५ च्या विनियमानेच मनाई केली होती. १८६० च्या भारतीय दंडविधानाने दैवी कोपाचे भय घालून कोणास काही करावयास भाग पाडणे हा अपराध ठरविला, आणि त्या कलमाखाली पहिलेच उदाहरण दिले ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचे. २०२४ च्या जुलैपासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असली तरी हा अपराध तीत कायम आहे. धनकोच्या हातातून स्वतःचे बळ काढून घेतले गेले, आणि त्याबदली त्याला न्यायालयाचे बळ देण्यात आले.

हा बदल वरकरणी ऋणकोच्या हिताचा दिसतो. वस्तुस्थिती उलटी झाली. उन्हात बसविणाऱ्या सावकाराला गावाची नजर सोसावी लागे. न्यायालयातून जप्तीचा हुकूम आणणाऱ्याला ती सोसावी लागत नव्हती. १८५५ मध्ये व्याजावरील कायदेशीर मर्यादा काढून टाकण्यात आली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या साध्या कर्जखतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू हा की शिळे दावे ऋणकोला छळू नयेत. परिणाम असा झाला की सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज प्रत्येक वेळी मुद्दलात मिसळू लागले. मुदत ऋणकोच्या संरक्षणासाठी होती. ती त्याच्या कर्जवाढीचे साधन बनली. त्याच वर्षीच्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्याप्रमाणे हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोला अटक करून दिवाणी तुरुंगात ठेवता येई. तगाद्यातील घरबंदीच येथे सरकारी भिंतींआड परत आली. फरक एवढाच की आता तिच्यावर न्यायालयाची मोहोर होती.

या काळात शब्दांनीही आपल्या जागा बदलल्या. 'फिर्याद' हा फारसी शब्द मूळचा आर्ताच्या हाकेचा वाचक. जो गांजला आहे तो फिर्याद करतो. शास्त्राच्या व्यवस्थेत ही हाक ऋणकोची असती. एकोणिसाव्या शतकातील कचेरीच्या मराठीत फिर्यादी म्हणजे वादी, आणि कर्जाच्या प्रकरणात वादी म्हणजे सावकार. हाक मारण्याचा शब्द सावकाराकडे गेला व ऋणको निःशब्द झाला. हे केवळ अलंकारिक विधान नव्हे : कर्जाच्या दाव्यांत बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत, प्रतिवादी न्यायालयात फिरकतच नसे, हे पुढे सरकारी चौकशीतच नमूद झाले. 'दावा' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ हक्काची मागणी एवढाच; पण मराठीत त्याला वैराचा अर्थ चिकटला आहे. 'दावा साधणे', 'वैरदावा' हे प्रयोग पाहा. न्यायालयात खेचणे म्हणजे संबंध तोडणे, ही समाजाची भावना कोशाने जपून ठेवली आहे.

४. सुपे, १८७५

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील, सुपे या गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हे लोण पसरले. या उठावाची कारणे अनेक होती : अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वाढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढविला होता, पतपुरवठा आटला होता. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. शारीरिक इजा क्वचित झाली. खते, रोखे, हुकूमनामे मात्र मागून घेऊन जाळण्यात आले. गावाबाहेरून आलेले मारवाडी व गुजर सावकार हे मुख्यतः लक्ष्य होते.

ज्या कागदाच्या आधाराने दावा लागतो तो कागद नाहीसा करणे, म्हणजे धनकोचा दाव्याचा अधिकारच नाहीसा करणे, हे त्या शेतकऱ्यांनी नेमके ओळखले होते. 'आम्ही देणे लागत नाही' असे त्यांचे म्हणणे होते, असा याचा अर्थ करण्याचे कारण नाही. न्यायालय जेवढे पाहते तेवढेच त्यांनी जाळले. न्यायालय खत पाहत होते. खतामागचा व्यवहार पाहत नव्हते.

सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्याची तीन कलमसूत्रे येथे पाहण्याजोगी आहेत. एक, शेतकरी ऋणकोविरुद्धच्या दाव्यात न्यायालयाने खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, आणि मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा. दोन, शेतकऱ्यास कर्जाच्या हुकूमनाम्यापायी अटक व कैद होऊ नये. तीन, जेथे समेट घडवून आणणारे अधिकारी नेमले असतील तेथे त्यांच्यापुढे प्रकरण नेऊन समेट न झाल्याचा दाखला मिळविल्यावाचून दावा दाखलच करून घेऊ नये.

या तिसऱ्या अटीचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. दाव्याचा अधिकार आता ऋणापासून आपोआप निघत नव्हता. मध्ये एक पायरी आली होती. ही पायरी म्हणजे जुन्या पंचायतीची आठवण होती. याच दशकात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी पुण्यात लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला होता, तो याच दिशेचा. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम पाहिले. कायद्याचा व्यवहार त्यांना आतून माहीत होता. सावकारांनी मात्र पळवाट शोधली : गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घेण्याची रीत वाढली, कारण खरेदीखताला कर्जाच्या दाव्याची गरजच नव्हती. तेव्हा अशा खरेदीखतामागील खरा व्यवहार तपासण्याची मुभाही न्यायालयाला द्यावी लागली.

५. 'वादी कोण?'

१८७९ च्या कायद्याने ऋणको कोण आहे ते विचारले : शेतकरी असेल तर त्याला विशेष संरक्षण. याच्या जोडीने दुसरी एक विचारणा वाढत होती, ती धनकोविषयी. तिचा आरंभ निरुपद्रवी होता. धनको मेला तर त्याचे येणे कोणी मागावे? गावाच्या व्यवहारात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. मुलगा बापाच्या गादीवर बसे आणि कुळे त्याला ओळखत. न्यायालयाला मात्र ओळख नसते. त्याला पुरावा लागतो. १८२७ च्या आठव्या विनियमाने वारसास न्यायालयाकडून मान्यता घेण्याची सोय केली. १८६० व १८८९ च्या कायद्यांनी मृताचे येणे वसूल करण्यासाठी दाखल्याची पद्धत घातली. आणि आजही, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृताच्या ऋणकोविरुद्ध वारस म्हणून मागणाऱ्यास वारस-दाखल्यासारखा आधार दाखविल्यावाचून न्यायालय हुकूमनामा देत नाही. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा आहे : एकाला पैसे दिल्यावर दुसऱ्या वारसाने पुन्हा मागू नयेत. पण दाखल्यासाठी रकमेच्या प्रमाणात मुद्रांक भरावा लागतो, आणि ज्या विधवेकडे नवऱ्याच्या नावची चार खते एवढेच धन उरले आहे तिला आपले येणे मागण्यापूर्वी प्रथम आपण कोण हे विकत घ्यावे लागते. एकत्र कुटुंबाच्या येण्याची गोष्ट वेगळी. तेथे कर्त्याला कुटुंबाच्या वतीने दावा लावता येतो आणि उत्तरजीवित्वाने येणाऱ्या हक्काला दाखला लागत नाही. कुळाची जुनी कल्पना येथे नव्या कायद्यातही टिकून राहिली.

येणे दुसऱ्यास विकले किंवा लावून दिले तर काय, हा पुढचा प्रश्न. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने लेखी हस्तांतरण झाल्यास घेणाऱ्याला स्वतःच्या नावे दावा लावता येतो, हे निश्चित केले. हा कायदा मुंबई इलाख्यात १८९३ च्या आरंभापासून लागू झाला. येणे ही आता विकावयाची जिन्नस झाली. ज्याने कर्ज दिले नाही, ज्याला ऋणकोने कधी पाहिले नाही, असा मनुष्य त्याच्या दारात हक्काने येऊ शकला. याउलट १९३२ च्या भागीदारीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या पेढीस त्रयस्थावर कराराच्या आधारे दावा लावण्यास मनाई केली. पेढीचे येणे खरे आहे. पण तिचे नाव नोंदवहीत नाही म्हणून तिला न्यायालयात तोंड नाही.

या विचारणेचा कळस १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात झाला. कर्ज देते वेळी सावकाराजवळ परवाना नसेल तर त्या कर्जाबद्दल न्यायालयाने त्याच्या बाजूने हुकूमनामा देऊ नये, असे त्यात ठरले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक देवविता येणार नाही, ही दामदुपटीची मर्यादाही या कायद्याने धर्माचा भेद न करता घातली. शास्त्रातील जुना नियम अशा रीतीने प्रतिवादीच्या धर्मापासून सुटून सर्वांचा कायदा झाला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने १९४६ च्या कायद्याची जागा घेतली. परवान्याची अट त्यातही कायम आहे. अर्थात ही अट सावकारीचा धंदा करणाऱ्यापुरती आहे. स्नेहापोटी एखाद्यास दिलेल्या हातउसन्या रकमेस ती लागू होत नाही, असा न्यायालयांचा अर्थ आहे. परंतु तत्त्व स्पष्ट आहे : कर्ज खरे आहे, ते थकले आहे, ऋणको नाकारीतही नाही, तरी धनकोला दावा नाही. ऋण आणि दावा यांची सांगड १८२७ नंतर बसली होती. १९४६ मध्ये ती उघडपणे सोडविण्यात आली.

६. तगाद्याचे पुनरागमन

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती तात्त्विक नाही. ज्याला दावा नाकारला त्याचे येणे नाहीसे होत नाही. तो पुन्हा दारात येतो. विनापरवाना सावकाराला न्यायालय बंद असते म्हणूनच तो न्यायालयाबाहेरच्या दडपणावर विसंबतो. कायद्याने धनकोचा दावा काढून घेतला, पण तगादा काढून घेणे कायद्याला जमलेले नाही. ऋणकोचे संरक्षण हे केवळ धनकोचे तोंड बंद करून साधत नाही. ऋणकोला स्वतः फिर्याद करता आली पाहिजे. २०१४ च्या कायद्यात बेकायदा सावकारीने बळकावलेली स्थावर मालमत्ता ऋणकोच्या अर्जावरून परत देवविण्याची तरतूद आहे, तिचे महत्त्व या दृष्टीने आहे.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट मोठ्या धनकोंच्या बाबतीत घडली. २००२ च्या, 'सरफेसी' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कायद्याने बँका व वित्तसंस्थांना थकीत तारण कर्जाच्या बाबतीत साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयाच्या हुकुमावाचून तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. या विषयात दिवाणी न्यायालयाचा अधिकार वगळण्यात आला. ज्याला तक्रार असेल त्या ऋणकोने कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे, अशी रचना झाली. म्हणजे दावा लावण्याचा भार धनकोवरून निघून पुन्हा ऋणकोवर आला. मूळ कायद्यात ऋणकोने असे गाऱ्हाणे नेण्यापूर्वी मागितलेल्या रकमेच्या पाऊण हिस्सा भरावा, अशीही अट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये घटनाबाह्य ठरविली. राजाकडे गाऱ्हाणे नेणाऱ्या ऋणकोकडून चौथा हिस्सा दंड घ्यावा, असे सांगणारा मनू येथे आठवल्यावाचून राहत नाही. मनूचा दंड गाऱ्हाण्यानंतरचा होता. नव्या कायद्याची अट गाऱ्हाण्याच्या आधीची होती. शेतजमीन आणि एक लाख रुपयांपर्यंतची येणी या कायद्याच्या कक्षेतून वगळली आहेत, हे मात्र सुप्याच्या धड्याचे फळ म्हणता येईल. तारण नसलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी दारात माणसे पाठविण्याची रीतही नव्याने रूढ झाली, आणि बळाचा वापर करून वसुली करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्ये बँकांना बजावावे लागले.

इतिहासाची पुनरावृत्ती होते असा याचा सरधोपट अर्थ कोणी काढू नये. मनूचा धनको आणि आजची बँक यांत साम्यापेक्षा भेद अधिक आहेत : बँकेच्या वसुलीला नोटीस आहे, मुदत आहे, न्यायाधिकरणाची देखरेख आहे. सांगावयाचे ते इतकेच की, 'थकलेल्या कर्जाबद्दल दावा कोणी लावावा?' हा प्रश्न कार्यपद्धतीचा दिसत असला तरी तो सत्तेचा प्रश्न आहे. धनकोला दावा लावावा लागतो तेव्हा त्याला आपले येणे सिद्ध करावे लागते. ऋणकोला दावा लावावा लागतो तेव्हा त्याला आपला निर्दोषपणा सिद्ध करावा लागतो. कायदा प्रत्येक वेळी बोलतो तो कर्जाविषयी; ठरवितो ते मात्र पहिल्याने बोलावयाचे कोणी, हे. आपल्या जुन्या लेखनिकांनी वादीला 'अग्रवादी' म्हटले ते केवळ क्रमाच्या दृष्टीने. परंतु कर्जाच्या इतिहासात हा क्रमच निर्णायक ठरत आला आहे. जुन्या दिवाणी दप्तरांतील एकतर्फी हुकूमनाम्यांचा जिल्हावार अभ्यास झाला, तर न बोललेल्या पश्चिमवाद्याचा इतिहास आपल्या हाती येईल. ते काम आपल्याकडील संशोधकांनी अंगावर घेण्याजोगे आहे.